क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह: औषधाच्या रिसर्चमागे पैसा कुणाचा ते इथे बघा

रिसर्च पेपरवर युनिव्हर्सिटीचं नाव दिसलं की आपण निवांत होतो, पण पैसा कुणाचा आणि डेटा कुणाच्या ताब्यात हे धड कळत नाही, कळलं तरी शेवटी बारीक अक्षरात. त्यासाठी ही साइट मस्त आहे, फुकट आहे, लॉगिनची भानगड नाही. अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन २००० पासून चालवते आणि बाहेरच्या देशांतल्या ट्रायल्सपण (म्हणजे औषधं वगैरे माणसांवर तपासायचे अभ्यास) इथे नोंदलेल्या सापडतात.

पेपरमधला एनसीटी नंबर, म्हणजे या साइटवरचा त्या ट्रायलचा नोंदणी क्रमांक, टाकायचा. स्पॉन्सर (ट्रायलची जबाबदारी घेणारा) बघून थांबू नका हां, कोलॅबोरेटर (पैसे किंवा इतर मदत देणारा) कोण तेही बघा, वर युनिव्हर्सिटी आणि खाली कंपनी असंही असतं. आता त्या कंपनीने नुसते पैसे दिले की डिझाइन, ॲनालिसिसपण केलं, ते त्या रकान्यावरून कळत नाही, हा मोठा ड्रॉबॅक.

खरा माल रिझल्ट्सच्या पार शेवटी, 'सर्टन ॲग्रीमेंट्स'मध्ये. रिझल्ट छापायला संशोधकावर काही बंधन आहे का ते तिथे लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ कंपनी मजकूर आधी बघणार आणि ६० दिवसांपर्यंत अडवून ठेवू शकणार. यात काय एवढं वाटत असेल तर बेटी डाँग या संशोधक बाईंची केस बघा. थायरॉइडच्या गोळीवर सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटीत स्टडी, पैसे ब्रँडवाल्या कंपनीचे, आणि निघालं काय तर स्वस्त गोळ्यापण तेवढ्याच चालतात! करारात लेखी परवानगीशिवाय छापायचं नाही असं कलम होतं, १९९५ ला 'जामा' या मेडिकल जर्नलमध्ये येणारा पेपर ऐनवेळी मागे घ्यावा लागला, छापून आला १९९७ ला. कंपनीचा पैसा म्हणजे स्टडी खोटा असं मी म्हणत नाही, एवढा खर्च दुसरं कोण उचलणार, पण छापायचं की नाही हे कोण ठरवतंय ते कळायला नको का?

रेकॉर्ड हिस्टरीपण भारी, जुनी नि नवी नोंद शेजारी ठेवून मुख्य आउटकम (ट्रायलमध्ये काय मोजायचं ठरलं होतं ते) मधेच बदललाय का ते दिसतं.

बाकी भाषा रुक्ष, किती पैसे दिले तो आकडा नाही, जुन्या बऱ्याच ट्रायल्सचे रिझल्टच नाहीत. आणि ट्रायल नसलेलं काही पकडायला साइट शून्य उपयोगाची. साखरवाल्यांच्या संघटनेने हार्वर्डच्या लोकांना तेव्हाचे ६,५०० डॉलर देऊन रिव्ह्यू, म्हणजे आधीच्या अभ्यासांचा आढावा, लिहून घेतला, तो १९६७ ला छापला आणि पैशाची गोष्ट २०१६ ला बाहेर आली, तीपण जुनी पत्रं उकरल्यावर.

५ पैकी ४. हिस्टरी बघायची असेल तर मोबाइलवर नको, दोन कॉलम मावत नाहीत.