तीन पट्टे परत आले: लिव्हरपूलच्या नव्या जर्सीविषयी कोल्हापुरी चाहत्यांचे मत आणि माझे

ज्या शहरात फुटबॉलचा संघ आधी पेठेचा आणि तालमीचा असतो आणि मग खेळाचा, त्या कोल्हापुरात जर्सी हा विषय कुणी हलक्यात घेत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल किंवा शिवाजी तरुण मंडळ यांपैकी कुणाचाही सामना शाहू स्टेडियमवर असला, तर पायऱ्यांवर बसलेला माणूस खेळाडूच्या चेहऱ्याआधी त्याच्या अंगावरचा रंग ओळखतो. अशा डोळ्यांसमोर १ ऑगस्ट २०२५ रोजी लिव्हरपूल या इंग्लिश क्लबची २०२५-२६ च्या हंगामाची घरच्या मैदानावरची जर्सी आली. पाच वर्षे नायकीने कपडे पुरवल्यानंतर क्लब पुन्हा ॲडिडासकडे वळला, त्यामुळे ही केवळ वार्षिक खरेदी नव्हती आणि इथल्या चाहत्यांच्या प्रतिक्रियाही नेहमीपेक्षा तीव्र होत्या. मी चाहत्यांसाठी विकली जाणारी साधी आवृत्ती घेतली, वापरली आणि धुतली. खेळाडूंच्या धर्तीची महागडी आवृत्ती मित्राकडे आहे, तीही हाताळून पाहिली.

पहिला प्रश्न रंगाचा. उत्पादक या लाल रंगाला स्ट्रॉबेरीचा लाल म्हणतो. छायाचित्रांत तो किंचित गुलाबीकडे झुकलेला वाटला आणि पहिल्या दिवशी आमच्या गटात त्यावरून बरीच कुरकुर झाली. प्रत्यक्षात हातात घेतल्यावर ती कुरकुर टिकत नाही. दिवसाच्या उजेडात हा लाल स्वच्छ आणि उजळ दिसतो. रात्री कॅफेच्या पिवळ्या दिव्यांखाली मात्र तो थोडा नारिंगी भासतो, हे मान्य करावे लागेल. मुळात लिव्हरपूलचा लाल ही काही दगडावरची रेघ नाही. १८९२ मध्ये स्थापन झालेला हा क्लब सुरुवातीला निळ्या-पांढऱ्या पोशाखात खेळत असे. लाल रंग १८९६ मध्ये आला आणि डोक्यापासून पायापर्यंत लाल पोशाख तर प्रशिक्षक बिल शँक्ली यांच्या काळात, १९६४ मध्ये अँडरलेख्टविरुद्धच्या युरोपीय सामन्यापासून सुरू झाला. त्यामुळे 'हा खरा लाल नव्हे' असे छातीठोकपणे सांगणाऱ्याला कोणत्या दशकातला लाल खरा, असे विचारले की चर्चा आपोआप शांत होते.

खांद्यांवरून बाह्यांकडे उतरणारे ॲडिडासच्या ओळखीचे तीन पांढरे पट्टे हे या जर्सीचे खरे आकर्षण आहे. तिशी-पस्तिशीतल्या चाहत्यांना ते पाहून थेट २००६ ते २०१२ हा ॲडिडासचा मागचा काळ आठवला: जेरार्ड, टोरेससारखे खेळाडू आणि रात्री उशिरा जागून पाहिलेले सामने. मंगळवार पेठेतल्या एका थोराड चाहत्याने जर्सी अंगाला लावून 'नाद खुळा!' एवढाच अभिप्राय दिला आणि त्याहून जास्त बोलण्याची त्याला गरजही वाटली नाही. या आठवणीत एक गंमत आहे, ती कुणी फारशी बोलून दाखवत नाही. त्या सहा वर्षांत लिव्हरपूलला लीगचे विजेतेपद मिळाले नाही; २००७ चा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना संघ अथेन्समध्ये मिलानकडून हरला; आणि मोठे म्हणता येईल असे यश म्हणजे २०१२ चा लीग कप. याउलट २०१९ चा चॅम्पियन्स लीग चषक आणि तीस वर्षांनी आलेले २०२० चे लीग विजेतेपद नायकीच्या आधीच्या न्यू बॅलन्स कंपनीच्या जर्सीत मिळाले, २०२५ चे नायकीच्या. तरीही न्यू बॅलन्ससाठी कुणी डोळे ओले केलेले मी पाहिलेले नाहीत. ज्या वयात आपण संघावर जीव लावला, त्या वयातली जर्सी आपल्याला सुंदर वाटते. तीन पट्ट्यांना त्याचा फायदा मिळाला आहे. अर्थात १९८५ ते १९९६ या पहिल्या ॲडिडास पर्वात १९८६, १९८८ आणि १९९० ची लीग विजेतेपदे आहेत, पण ती पाहिलेला चाहता कोल्हापुरात शोधून सापडणे कठीण.

कापडाविषयी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलणारा माणूस आमच्या गटात आहे. इचलकरंजीत ज्यांचे आयुष्य मागांच्या खडखडाटात गेले, अशा घरातला हा मित्र कोणताही कपडा हातात आला की आधी उलटा करतो. त्याने जर्सी उलटी केली, काखेतली शिवण बोटाने चाचपली, गळ्याची पट्टी ताणून सोडली आणि ती पुन्हा मूळ आकारात येते का, हे पाहिले. मग कापड खिडकीसमोर धरले. त्याचा निष्कर्ष असा: विणकाम एकसारखे आहे, शिवण सरळ आहे, धागे लोंबत नाहीत, पण 'ह्यात पाच हजाराचं कापड न्हाई, भावा; पाच हजार त्या पक्ष्याचं हायत.' छातीवरच्या, क्लबच्या चिन्हातल्या लिव्हर पक्ष्याविषयीचे हे वाक्य मला तरी या जर्सीचे सर्वांत नेमके परीक्षण वाटते. कापड पॉलिएस्टरचे आहे, घाम शोषून धरत नाही आणि ऑगस्टच्या झडीत, जेव्हा कोल्हापुरात सुती शर्ट दोरीवर दोन-दोन दिवस ओला राहतो, तेव्हाही ही जर्सी पंख्याखाली रात्रीतून वाळते. घामाचा वास मात्र पॉलिएस्टर सहजी सोडत नाही. टर्फवर खेळून आल्यावर ती तशीच बोळा करून ठेवली, तर दुसऱ्या दिवशी घरच्यांची बोलणी खावी लागतात.

साधी आवृत्ती आणि खेळाडूंची आवृत्ती यांतला फरक दुकानात नीट समजावून सांगितला जात नाही, म्हणून इथे थोडे विस्ताराने. साध्या आवृत्तीचा आकार सैलसर असतो आणि छातीवरचे चिन्ह कापडावर शिवलेले असते. खेळाडूंच्या आवृत्तीचे कापड पातळ आणि अधिक सच्छिद्र असते, आकार अंगाला चिकटणारा असतो आणि वजन वाचवण्यासाठी चिन्ह उष्णतेने चिकटवलेले असते. ब्रिटनमध्ये प्रौढांच्या साध्या जर्सीची किंमत ८५ पौंड होती, दुसरीची बरीच जास्त. आपल्याकडे साधी जर्सी सवलतीशिवाय पाच-सहा हजारांच्या घरात जाते आणि अडीच हजारांवरच्या कपड्यांवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाल्यामुळे त्या किमतीचे समर्थन करणे आणखी अवघड झाले आहे. महाग म्हणजे चांगली, असे समजून खेळाडूंची आवृत्ती घेणाऱ्याने आधी आरशासमोर प्रामाणिकपणे उभे राहावे. ती नव्वद मिनिटे धावणाऱ्या आणि त्यानंतर फुकट दुसरी मिळणाऱ्या माणसासाठी बनवलेली आहे. तालमीत कमावलेले खांदे असोत किंवा रविवारी मटणावर ताव मारून कमावलेले पोट, दोन्हींना ती अडचणीची होते. एक माप मोठे घेतले तर लांबी वाढते. शिवाय चिकटवलेले चिन्ह वारंवार धुण्यात शिवलेल्या चिन्हाइतके टिकेल, याची मला खात्री वाटत नाही. पायऱ्यांवर बसून पाहणाऱ्याने साधीच घ्यावी.

छातीवरच्या स्टँडर्ड चार्टर्डच्या नावाबद्दल कोल्हापुरात कुणी तक्रार केली नाही. युरोपात प्रायोजकाच्या नावावरून जी चिडचिड होते ती आपल्याकडे होत नाही, कारण आपल्या स्थानिक संघांच्या जर्सीवर देणगीदाराचे नाव ठसठशीत असणे हेच स्वाभाविक मानले जाते. १९७९ मध्ये हिताचीचे नाव छातीवर घेऊन लिव्हरपूलने इंग्लंडच्या अव्वल विभागात जी वाट पाडली, ती आपल्या पेठांनी केव्हाच आपलीशी केली आहे.

मागच्या बाजूला, मानेच्या खाली, ९७ हा आकडा दोन ज्योतींच्या मध्ये आहे. १९८९ मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत गेलेल्या लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांची ती खूण आहे. आमच्या गटातल्या लहान मुलांपैकी एकाने तो कुणाचा नंबर आहे, असे विचारले आणि त्याला ते सांगावे लागले. याच हंगामात २० या आकड्यालाही वेगळा अर्थ आला. ३ जुलै २०२५ रोजी तो क्रमांक घालणारा लिव्हरपूलचा खेळाडू दियोगो जोटा आणि त्याचा भाऊ स्पेनमधल्या मोटार अपघातात गेले आणि क्लबने २० क्रमांक सर्व स्तरांवर कायमचा निवृत्त केला. जोटाचे नाव व क्रमांक छापून घेणाऱ्यांच्या पैशातून होणारा नफा क्लबच्या सामाजिक प्रतिष्ठानाला, तळागाळातल्या फुटबॉलसाठी देण्याचे जाहीर झाले होते. ज्यांना पाठीवर नाव हवेच आहे, त्यांना मी हेच नाव सुचवेन; ते दुसऱ्या क्लबला विकले जाणार नाही. ट्रेंटचे ६६ आणि दियाझचे ७ छापलेल्या जर्सी २०२५ च्या उन्हाळ्यात एकाएकी जुन्या झाल्या, कारण त्या खेळाडूंपैकी एक माद्रिदच्या क्लबकडे गेला आणि दुसरा म्युनिकच्या. ७ क्रमांक मग नव्याने आलेल्या व्हिर्ट्झच्या पाठीवर आला.

नाव छापण्याबाबत एक कटू अनुभव सांगणे आवश्यक आहे. मी जर्सी कोरी घेतली आणि नाव शहरातल्याच एका छपाईवाल्याकडे टाकून घेतले. त्याने गरम प्रेसचे तापमान अंदाजाने ठेवले असावे. काही धुण्यांतच 'एस' या अक्षराचे वरचे टोक उचलले, त्याखाली धूळ बसली आणि आकड्याच्या कडेला कापडावर चकचकीत डाग उमटला. तक्रार घेऊन गेल्यावर 'तुम्ही गरम पाण्यात धुतली असणार' असे उत्तर मिळाले. पॉलिएस्टर जास्त उष्णतेने चकाकते आणि तो डाग पुन्हा जात नाही, ही गोष्ट पैसे घेणाऱ्याला माहीत असायला हवी होती. अक्षरांचा प्रकारही पाहून घ्यावा: प्रीमियर लीगमध्ये सर्व क्लबांना एकच अक्षरशैली वापरावी लागते आणि ती २०२३-२४ पासून बदलली आहे, चॅम्पियन्स लीगमध्ये क्लब स्वतःची शैली वापरू शकतो. बाजारात अजूनही जुन्या शैलीचे आकडे सर्रास चिकटवले जातात. विजेत्यांची सोनेरी पट्टी बाहीवर हवी असेल, तर ती प्रीमियर लीगच्या अक्षरांबरोबरच शोभते; युरोपीय अक्षरांबरोबर ती लावणे म्हणजे दोन स्पर्धांची खिचडी होय. जर्सी उलटी करून, थंड पाण्यात, इस्त्रीविना, एवढी पथ्ये पाळली की काम भागते.

आता फर्स्ट कॉपीचा, म्हणजे नकली जर्सीचा विषय. तो टाळून कोल्हापुरातल्या जर्सीविषयी लिहिणे ढोंगीपणाचे ठरेल, कारण सामन्याच्या रात्री पडद्यासमोर जमणाऱ्यांतले बहुसंख्य तीच घालून येतात. पाचशे ते बाराशे रुपयांत 'थाई क्वालिटी' म्हणून मिळणाऱ्या या प्रती दुरून फसवतात. जवळून पाहिले की पक्ष्याच्या चोचीचे टाके भरकटलेले दिसतात, पट्टे दोन्ही खांद्यांवर सारख्या अंतरावर नसतात आणि आतल्या लेबलावरचा दोन अक्षरे व चार अंकांचा कोड शोधला तर भलताच बूट किंवा पँट समोर येते. हे बेकायदा आहे यात शंका नाही, परंतु वाढत्या अंगाच्या दहा वर्षांच्या मुलासाठी वर्षभरात आखूड होणारी हजारो रुपयांची जर्सी घ्या, असा उपदेश मला करवत नाही. अस्सल जर्सी बनवणाऱ्यांनी मुलांच्या मापांची किंमत भारतासाठी तरी वेगळी ठेवायला हवी होती. हा या साऱ्या व्यवहारातला माझ्या मते सर्वांत मोठा दोष आहे.

समुद्री हिरव्या रंगाची आणि ॲडिडासच्या तीन पानांच्या जुन्या चिन्हाची तिसरी जर्सीही तरुणांमध्ये चालली. जीन्सवर ती अधिक शोभते आणि शाहू स्टेडियमवर घालून जायला सोयीची आहे. लाल घालून गेल्यास आपण नेमके कुणाच्या बाजूचे, याचा खुलासा भलत्या गॅलरीत करत बसावा लागू शकतो. मला स्वतःला ती थोडी फॅशनच्या दुकानातली वाटते.

घ्यायचीच असेल, तर साधी लाल, कोरी आणि अंगाला नीट बसणारी घ्यावी. नव्या हंगामाची घोषणा जवळ आली की उन्हाळ्याच्या सुमारास याच जर्सीवर मोठ्या सवलती लागतात, फक्त तोवर मधली मापे संपलेली असतात. एस किंवा डबल एक्सएल माप बसणाऱ्यांनी खुशाल थांबावे; एम आणि एलवाल्यांनी पहिल्या बऱ्या सवलतीला उरकून घ्यावे.