ग्रेलिस्टिंगने डोकं फिरवलं, तरी आर-स्पॅमडी काढणार नाही

एका बँकेचा ओटीपी आमच्या मेलवर पंधरा मिनिटं उशिरा पोहोचत होता आणि त्याची मुदत होती दहा मिनिटांची. जिल्ह्याच्या गावातली आमची छोटी इंटरनेट कंपनी. त्या आठवड्यात हेल्पलाइनवर दुसरा विषय नव्हता. "जीमेलवर लगेच येतो, तुमच्याकडेच का अडकतो?" हा ग्राहकांचा प्रश्न रास्त होता.

मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, ग्राहकांच्या मेलपेट्या सांभाळायला डव्हकॉट आणि स्पॅमच्या गाळणीला पावसाळ्याआधी बसवलेलं आर-स्पॅमडी, असा सेटअप आहे. पूर्वी पोस्टफिक्सच्या जागी क्यूमेल होता. त्याची मूळ १.०३ आवृत्ती १९९८ ची, पुढचा सगळा कारभार पॅचवर पॅच, म्हणून तो सोडला. एक्झिम हा तसाच दुसरा मेल सर्व्हरही पाहिला, पण २०१९ मध्ये त्यात सापडलेल्या भगदाडातून बाहेरचा माणूस थेट रूट (मशीनचा सर्वाधिकारी) म्हणून कमांड चालवू शकत होता, त्यामुळे मन धजेना. पोस्टफिक्सने कधी त्रास दिला नाही, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

त्रास दिला तो ग्रेलिस्टिंगने. संशयित मेल आलं की "४५१, थोड्या वेळाने या" म्हणून परत पाठवायचं. खरा सर्व्हर पुन्हा येतो, स्पॅमचा बॉट बहुतेक वेळा फिरकत नाही. आर-स्पॅमडी सगळ्यांनाच थांबवत नाही, मेलच्या संशयाचा स्कोअर ४ ओलांडला की थांबवतं. ६ ला हेडर (मेलच्या माथ्यावरची खूण) लागतं, डव्हकॉट ते पाहून मेल जंकमध्ये टाकतो, आणि १५ ला सरळ नकार. थांबवायचं पाच मिनिटंच. पण परत कधी यायचं हे पाठवणाऱ्याच्या हातात! समोर एक्झिम असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे तो पंधरा मिनिटांनी येतो. तोवर ओटीपी बाद. ज्या काळात निम्मे व्यवहार ओटीपीवर चालतात, त्या काळात हे मुळातच चालू ठेवून देणं मला आजही पटत नाही. मी ते बंदच करून टाकलं.

मग दुसरी बाजू दिसली. "केवायसी आजच करा", "तुमचं पार्सल अडकलंय" ही मेलं भल्या सकाळी थेट इनबॉक्समध्ये उतरू लागली. थांबवण्याचा खरा फायदा तेव्हा कळला: पहिल्या पाच-दहा मिनिटांत नव्या फसव्या लिंका कुठल्याच काळ्या यादीत नसतात, तेवढ्या वेळात त्या चढतात आणि परत आलेल्या मेलचा स्कोअर वाढतो. ग्रेलिस्टिंग पुन्हा चालू केलं. बँका आणि सरकारी पोर्टलांची डोमेनं त्याच्या व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे सूट द्यायच्या यादीत, घातली. ही यादी हाताने सांभाळावी लागते आणि ते काम कंटाळवाणं आहे.

तरी आर-स्पॅमडी का ठेवलं, तर आलेल्या प्रत्येक मेलचा हिशोब दाखवणाऱ्या त्याच्या हिस्टरीच्या पानासाठी. ग्राहक फोनवर असतानाच पाठवणाऱ्याचा पत्ता शोधायचा, ओळ उघडायची. त्या बँकेच्या मेलसमोर स्वच्छ लिहिलेलं होतं: मेसेज-आयडी (मेलचा ओळखक्रमांक) नाही, इतके गुण, पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर (आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) नाही, इतके गुण, बेरीज चारच्या वर. आमची आधीची गाळणी स्पॅमअ‍ॅसॅसिनही हेडरमध्ये नियमांची नावं लिहायचं, पण जे मेल आत आलंच नाही त्याचं हेडर कुठून आणणार? लॉग उपसत बसावं लागे. आता हेल्पलाइनवरचा नवीन मुलगाही सांगतो, "साहेब, तुमच्या बँकेच्या सर्व्हरची नोंद अर्धवट आहे, आम्ही सूट दिलीय, परत मागवून बघा." एवढ्या एका पानासाठी मी हे सॉफ्टवेअर विकतही घेतलं असतं. ते फुकट आहे.

पैशाचं म्हणाल तर स्पॅमअ‍ॅसॅसिन पर्ल भाषेत लिहिलेलं, हे हलक्या चालणाऱ्या सी मध्ये. त्याच जुन्या मशीनवर भार इतका उतरला की रॅम वाढवायचं कोटेशन रद्द केलं. व्हायरस शोधणारं क्लॅमएव्ही मात्र एकट्याने एक जीबीच्या वर खातंच.

नवीन बसवणाऱ्यांनी स्पॅमहाउसची (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची) काळी यादी गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएस रिझॉल्व्हरमधून विचारू नये. उत्तरात १२७.२५५.२५५.२५४ येतं, म्हणजे "पब्लिक रिझॉल्व्हरमधून विचारू नका". पोस्टफिक्समध्ये कुठला कोड धरायचा ते लिहिलं नसेल तर तेच उत्तर "स्पॅम" समजून सगळंच मेल परत जातं. आपल्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर लावा. आणि आपण इंटरनेट कंपनी आहोत, स्पॅमहाउसची फुकट सेवा आपल्यासाठी नाही, तो खर्च धरूनच चाला.

बेझचं, म्हणजे आर-स्पॅमडीतल्या मेलं पाहून स्पॅम ओळखायला शिकणाऱ्या भागाचं, शिक्षण अजून रखडलंय. स्पॅम आणि चांगली, दोन्हींची २०० मेलं शिकवल्याशिवाय ते तोंडच उघडत नाही. आयमॅपवाला (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचणारा) ग्राहक मेल जंकमध्ये ओढतो तेव्हा डव्हकॉट ते आपोआप शिकवतो. पण आमचे निम्मे दुकानदार अजून पॉपवर (मेल आपल्या मशीनवर उतरवून घेण्याच्या पद्धतीवर) आहेत, त्यांनी काय डिलीट केलं ते सर्व्हरला कळत नाही. त्यामुळे मराठीतून येणारं स्पॅम अजून निसटतं. ते दिवाळीपर्यंत मी स्वतः रोज थोडं थोडं शिकवणार आहे, कारण दिवाळीत खऱ्या शुभेच्छा आणि जाहिराती एकाच भाषेत, एकाच दिवशी येतात.