एनसीसी, मैदान की गावातलं काम? शिष्यवृत्तीच्या हिशेबाने निवडताना

उपक्रम निवडण्याआधी शिष्यवृत्ती कोणती हवी ते ठरवा. आपल्याकडच्या बहुतेक सरकारी योजना प्रमाणपत्रांची फाइल उघडूनसुद्धा बघत नाहीत. आठवीतली एनएमएमएस ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा घ्या. मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि गुणवत्ता यादीत नाव आलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरची राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती उत्पन्न आणि प्रवेश बघते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण शुल्कमाफी आहे. त्यासाठी कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला लागतो. यातलं काहीही वृक्षारोपणाच्या फोटोवर मिळत नाही. लातूर-नांदेडला नीटची तयारी करणाऱ्या पोरांनी शिष्यवृत्तीसाठी म्हणून उगाच काही अंगावर घेऊ नये. त्यांच्यासाठी वेळेत काढलेला उत्पन्नाचा दाखला जास्त मोलाचा.

मग उपक्रम मोजले जातात कुठे? मुख्यतः सैन्याच्या वाटेवर, खेळात, आणि निबंध-मुलाखत घेणाऱ्या विद्यापीठांत.

सैन्यात जायचं पक्कं असेल तर एनसीसीच (राष्ट्रीय छात्र सेना) घ्या, दुसरा विचार नको. शाळेत दोन वर्षं केली की ‘ए’ सर्टिफिकेट, पुढे कॉलेजात ‘बी’ आणि ‘सी’. पदवीनंतर ‘सी’वाल्यांना लष्कराच्या एनसीसी स्पेशल एंट्रीत लेखी परीक्षा नसते. अर्जांची छाननी होते आणि निवडलेल्यांना थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, बोलावतात. मुलग्यांसाठी दहावीनंतर आणखी एक वाट आपल्या दारातच आहे: छत्रपती संभाजीनगरची एसपीआय (सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट). १९७७ पासून राज्य सरकार तिथे एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) तयारी करून घेतं. अडचण एवढीच, की एनसीसीचं युनिट सगळ्या शाळांत नसतं. तालुक्याच्या शाळेत परेडला जायचं तर मुलगी परत कोणत्या एसटीने येणार, हे आधी बघा. हा प्रश्न छोटा नाही. त्यावरच कितीतरी मुलींची एनसीसी सुटते.

खेळाचं गणित वेगळं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदकापर्यंत गेला. धाराशिवच्या सारिका काळेला खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला महागडं साहित्य लागत नाही, ही आपल्याकडच्या मुलींसाठी फार मोठी गोष्ट आहे. खेलो इंडिया या केंद्राच्या क्रीडा योजनेत निवड झाली तर महिन्याला १०,००० रुपये हातखर्चाला मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुणही आहेत. पण तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी ही शिडी आहे आणि फायदा वरच्या पायऱ्यांवर. दहावीपर्यंत विभागाच्या पुढे मजल गेली नसेल तर खेळ सोडू नका, पण शिष्यवृत्तीचा भरवसा त्यावर ठेवू नका.

राहिलं समाजकार्य. अकरावीपासून एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) घेता येते: दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. शिस्त लागते, प्रमाणपत्र मिळतं. मला मात्र स्वतः हातात घेतलेलं, गावातलं एखादं काम जास्त वजनाचं वाटतं. अझीम प्रेमजी, अशोका यांसारखी विद्यापीठं कुटुंबाची ऐपत बघून आर्थिक मदत देतात, पण आधी प्रवेश मिळवावा लागतो आणि तिथे मुलाखतीत मुलाला बोलावं लागतं. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या कॉमन अॅपमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या सामायिक अर्जात, दहा उपक्रमांची जागा असते, प्रत्येकाच्या वर्णनाला जेमतेम १५० अक्षरं. तिथे ‘सामाजिक कार्यात सहभाग’ लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही.

आता हे बघा. दसरा-दिवाळीनंतर बीडकडच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, आई-बाप कारखान्यावर जातात, काही पोरं आजीजवळ मागे राहतात. अकरावीतल्या एखाद्या मुलीने अशा पाच-सहा पोरांना रोज संध्याकाळी अर्धा तास ओट्यावर वाचायला बसवलं आणि वहीत तारखेनिशी लिहिलं: कोण जोडाक्षरापाशी अडतं, कोण आज आलं नाही, का आलं नाही. टोळ्या परत येईपर्यंत ती वही भरते. मुलाखतीत ‘काय जमलं नाही?’ असं विचारलं तर या मुलीकडे खरं उत्तर असतं. मधेच शाळा सुटलेल्या पोराचं, शेवटपर्यंत बाराखडीतच राहिलेल्या पोराचं. पाठ करून असं बोलता येत नाही. आणि शिष्यवृत्ती नाही मिळाली तरी चार पोरं वाचायला लागलेली असतात. माझा कौल म्हणूनच या कामाला आहे.

विहिरीची पातळी दर रविवारी मोजून नोंद ठेवणं, आजी-आजोबांचे पेन्शनचे अर्ज भरून देणं, ही कामंही तितकीच चांगली. पैसे घेऊन ऑनलाइन ‘इंटर्नशिप’चं सर्टिफिकेट देणाऱ्यांपासून मात्र लांब राहा.

पुराव्यासाठी मुख्याध्यापकांचं किंवा ग्रामसेवकांचं पत्र पुरतं. काम कोणतं, कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याला किती वेळ, एवढं त्यात असावं. ते काम चालू असतानाच घ्या. बदली झाली की नव्या माणसाला यातलं काहीच माहीत नसतं.