जोडपानाची चिरफाड चोख, देवनागरीची बाजू लंगडी

संगीतविषयक मासिकातला एखादा लेख आधी बारकाईने तपासायचा आणि मगच स्वतःचे जोडपान, म्हणजे अंक उघडल्यावर समोरासमोर येणारी दोन पाने, रचायला घ्यायचे, अशा आखणीची एक शनिवार-रविवारची कार्यशाळा सदाशिव पेठेतल्या एका छोट्या संस्थेत नुकतीच केली. शनिवार विश्लेषणाला आणि रविवार मांडणीला, अशी सरळ वाटणी होती. शुल्क शनिवारसाठी भरावे आणि रविवारी जे पदरात पडेल ते आपले म्हणावे, इतका दोन्ही दिवसांच्या दर्जात फरक आहे. तरीही महाविद्यालयाचे वार्षिक, संगीत मंडळाची स्मरणिका किंवा दिवाळी अंकातला संगीत विभाग ज्यांच्या अंगावर येऊन पडतो, त्यांनी जावे असेच मी म्हणेन.

शनिवारी सकाळी संगणक उघडूच दिले नाहीत. प्रत्येकाच्या हाती एका इंग्रजी रॉक मासिकातल्या मुलाखतीचे जोडपान आणि वर ठेवायला ट्रेसिंग पेपर दिला. मथळा, त्याखालचा दोन ओळींचा परिचय, मजकुराचे कॉलम, छायाचित्र आणि पान क्रमांक यांच्या नुसत्या चौकटी पेन्सिलने काढायच्या होत्या. चेहरा आणि शब्द वजा झाले की पानाचा सांगाडा कसा लख्ख दिसतो, हे त्या पातळ कागदावर कळले. डावे पान अख्खे छायाचित्राला दिलेले होते, उजवीकडे तीन कॉलम होते आणि तिसऱ्या कॉलमचा वरचा भाग मुद्दाम कोरा सोडला होता. मग कागद उचलून मूळ पान पुन्हा पाहायला लावले. गायिका उजवीकडे बघत होती, त्यामुळे तिच्या नजरेबरोबर वाचकाची नजरही लेखाच्या पहिल्या ओळीवर जात होती. मथळ्याचा विटकरी रंग तिच्या जाकिटावरून उचललेला होता. आणि मोठ्या अक्षरांतले तिचे वाक्य मधल्या कॉलमात, वाचक कंटाळण्याची शक्यता सर्वाधिक असते तिथे, बसवले होते. तेच वाक्य मजकुरात मात्र शेवटाकडे येत असल्यामुळे ते शोधत शोधत माणूस लेख पुरा करतो.

लेखनाच्या विश्लेषणालाही तितकाच वेळ दिला, हे विशेष. त्या मुलाखतीच्या पहिल्या परिच्छेदात संगीताबद्दल अवाक्षरही नव्हते; होती ती तालमीची खोली, गार झालेला चहा आणि गायिकेला झालेला उशीर. आपल्याकडे लेखाची सुरुवात गुरुपरंपरेपासून होते आणि ‘स्वरांच्या वर्षावात श्रोते चिंब झाले’ इथे तो संपतो, ही मार्गदर्शकांची कोपरखळी सगळ्यांनाच लागली. अर्थात ख्याल गायकाची मुलाखत रॉक मासिकाच्या सलगीने घेता येणार नाही, हे त्यांनी स्वतःहून सांगितले, हे बरे झाले.

वाचनीयतेच्या वादासाठी ‘रे गन’ या अमेरिकी मासिकाचे उदाहरण घेतले. त्याचे कलादिग्दर्शक डेव्हिड कार्सन यांना १९९४ मध्ये गायक ब्रायन फेरी यांची मुलाखत इतकी नीरस वाटली, की त्यांनी ती अक्षरांऐवजी निव्वळ चिन्हे असलेल्या ‘झॅफ डिंगबॅट्स’ या फाँटमध्ये छापली. वाचता येईल असा मजकूर अंकात मागे दिला होता. मंडळाच्या स्मरणिकेत हा प्रयोग केला, तर अध्यक्ष दुसऱ्याच दिवशी दारात उभे राहतील.

१९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरणाऱ्या या शहरात मैफलीच्या छायाचित्रांना तोटा नाही. मात्र त्यांतली किती जोडपानाच्या कामाची, हे दुपारच्या सरावात उघडे पडले. डोळे मिटलेले, हात हवेत आणि मायक्रोफोन नेमका हनुवटीवर आडवा आलेला, अशीच बहुतेक चित्रे निघतात. आणि साथीदार कापून टाकावा, तर चित्रातला मैफलीचा संदर्भच जातो.

रविवारी गाडी घसरली. दिलेला मांडणीचा साचा इंग्रजीसाठी बनवलेला होता आणि त्यात मराठी मजकूर ओतायला सांगितले. ९ पॉइंटच्या अक्षराला ११ पॉइंटचे ओळींतले अंतर इंग्रजीत चालून जाते; देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. मथळ्याची अक्षरे साच्याप्रमाणे फाकवली, की शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर सुटे लोंबकळते. परिच्छेदाचे पहिले अक्षर मोठे करायचे, तर ‘स्थिर’ या शब्दातले नेमके काय मोठे करायचे? उत्तर ‘स्थि’ हे अख्खे अक्षर असे आहे, पण साचा फक्त ‘स्’ उचलू पाहतो. देवनागरीत कॅपिटल अक्षरे नसल्यामुळे मथळ्याचा भार आकार आणि जाडी यांवरच टाकावा लागतो, याचाही उल्लेख झाला नाही. काहींच्या संगणकावर इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलांट्या आणि जोडाक्षरे विस्कटली, तेव्हा परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो, हे सांगितले ते आमच्यातल्याच एका मुद्रितशोधक काकांनी. श्री-लिपी हे भारतीय भाषांचे सॉफ्टवेअर ज्या पुण्यात घडले आणि जिथे सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने भारतीय लिप्यांवर इतके काम केले, तिथल्या कार्यशाळेत ही उणीव जास्तच खटकते. यावर विचारले असता ‘संकल्पना महत्त्वाची’ असे उत्तर मिळाले. ते मला पटलेले नाही.

छपाई शुल्कात धरलेली नाही आणि तिच्याबद्दल फारसे सांगतही नाहीत, म्हणून जाणाऱ्यांसाठी एवढे नोंदवतो. ए-४ आकाराची दोन पाने शेजारी ठेवली की ४२० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे नेमका ए-३ कागद होतो. चित्र कडेपर्यंत न्यायचे असेल, तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडून डिजिटल प्रेसवाल्याकडे १२ बाय १८ इंची कागद मागावा. चेहरा दोन पानांच्या बरोबर मध्यावर येऊ देऊ नये, कारण अंक जाड असून पाठीला गोंद लावून बांधला जाणार असेल, तर नाक शिवणीत जाते.