जरबेरा: लाल मातीचा बेड की कोकोपीटची कुंडी?

दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस उभं राहिलं की जरबेराची फुलं मातीच्या बेडवर (उंच वाफ्यावर) घ्यायची की कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या, कुंडीत, हा प्रश्न बहुतेकजण रोपं विकणाऱ्याला विचारतात. त्याआधी विहिरीच्या पाण्याचा रिपोर्ट काढा. निम्मा निर्णय त्या कागदावरच होतो.

मातीचा हिशेब ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). दीड फूट उंच बेड, माथ्यावर दोन फूट रुंद, मधे फूटभर वाट. लाल माती, शेणखत, भाताचं तूस धरून दहा गुंठ्यांना ऐंशी-नव्वद ब्रास माल लागतो. रान काळं असेल तर लाल माती सगळी बाहेरून आणायची: रॉयल्टी, डंपर, भाडं. शिवाय तिच्यासोबत मुळांना लागणारे सूत्रकृमी आणि मरीची, म्हणजे झाड सडवून मारणाऱ्या रोगाची, बुरशी फुकटात येऊ शकते. पहिल्या वर्षी काही कळत नाही. मग एखाद्या पावसाळ्यात झाड दुपारी मलूल दिसतं, सकाळी पुन्हा ताजं. चार दिवसांनी फूल काढायला दांडा ओढावा तर अख्खं झाडच गड्ड्यापासून सुटून हातात येतं, आत काळं आणि सडकं. पुढे ड्रिपच्या ओळीनं शेजारची झाडं जातात.

कोकोपीटचं ओझं त्या मानानं किरकोळ. सहा हजार रोपं, कुंडीला चार लिटर. पाच किलोची वीट भिजून सत्तर लिटरच्या आसपास फुगते, म्हणजे साडेतीनशे विटा. एका टेम्पोत काम झालं. मर लागली तरी ती कुंडी उचलून बाहेर ठेवता येते. बेड कुठे उचलणार?

पण कोकोपीटमध्ये मुळात सोडियम-पोटॅशियम धरलेलं असतं. आधी साध्या पाण्यानं धुवायचं, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून ते सोडवायचं, पुन्हा धुवायचं. मी पहिल्या खेपेला ‘धुतलेलं आहे’ या शब्दावर विसंबून ईसी (क्षारांचं माप) न मोजता कुंड्या भरल्या. महिनाभरात पानांच्या कडा करपल्या. पुरवठादारानं दोष माझ्या खतांना दिला, आणि मोजलंच नव्हतं तर मी काय बोलणार?

रोजचं कामही वाढतं. मातीला दिवसातून एक-दोनदा पाणी पुरतं, कुंडीला उन्हाळ्यात सहा-आठदा थोडं थोडं. दिलेल्या पाण्यापैकी पाव हिस्सा खालून निघाला पाहिजे, नाहीतर क्षार साचतात. चार हजार लिटर दिलं तर हजार लिटर ड्रेनमध्ये, तेही खतासकट. कुंडीखाली भांडं ठेवून रोज ईसी, पीएच बघणारा माणूस घरचाच हवा. आणि वीज! मातीतलं झाड एक दिवस तहान सोसतं. कुंडीतलं एप्रिलच्या दुपारी मोटर बंद पडली की संध्याकाळपर्यंत मान टाकतं.

माझं मत विचाराल तर: लाल माती जवळ मिळते, शेड नवं आहे, लाइटचा भरवसा नाही, तर बेडच करा. जुन्या बेडवर मर येऊन गेली असेल किंवा सगळी माती विकतच आणायची असेल तर कोकोपीट घ्या, पण पाणी गोडं आणि जनरेटर असेल तरच. विहीर मचूळ असेल तर आरओचा खर्च धरून पुन्हा बेरीज करा.

‘अर्धं-अर्धं करून बघू’ असं मात्र एकाच व्हॉल्व्हवर करू नका. कुंडीच्या वेळापत्रकानं पाणी दिलं की बेड चिखल होतो, बेडच्या वेळापत्रकानं दिलं की कुंड्या वाळतात. करायचंच असेल तर खताची टाकी आणि सबमेन (ड्रिपला पाणी नेणारी पाइपलाइन) वेगळी.