लाल बटणाचे ४,८५० रुपये

जानेवारीतली गोष्ट. कोल्हापुरात काही काश्मीरची थंडी पडत नाही, पण पहाटे रंकाळ्याकडून वारा सुटला की नळाखाली हात धरवत नाही. नेमका तेव्हाच आमचा गिझर बंद पडला. भिंतीवरच्या स्विचचा दिवा लागायचा, गिझरवरचा लागायचा नाही. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, त्यांना गुडघ्यावर गरम पाणी रोज लागतं. दोन दिवस गॅसवर पातेली तापवली. "मी तवाच म्हटलो होतो, बंब मोडीत घालू नका," हे दिवसातून चार वेळा ऐकलं. तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला.

वॉरंटी कार्ड कपाटात होतं. गिझरच्या बुडाशी स्टिकरवरही कंपनीचा नंबर होता, हे मला नंतर कळलं. मी मोबाईलवर कंपनीचं नाव टाकून पुढं 'सर्व्हिस सेंटर कोल्हापूर' लिहिलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला.

"नमस्कार, सर्व्हिस सेंटर. कुठल्या कंपनीचा गिझर आहे आपला?"

मी नाव सांगितलं. "हो हो मॅडम, आपलंच सेंटर. व्हिजिटचे ३५०."

तासाभरात माणूस दारात हजर. गळ्यात ओळखपत्र, पाठीला बॅग, बोलणं गुळासारखं. हे शिरोलीला फर्स्ट शिफ्टला, घरात आम्ही दोघीच. त्यानं गिझरचं खालचं झाकण उघडलं, मीटरच्या दोन सुया आत कुठंतरी टेकवल्या आणि मीटर माझ्यापुढं धरला. डावीकडं नुसता १ दिसत होता. "बघा मॅडम, एलिमेंट गेलंय." एलिमेंट म्हणजे पाणी तापवणारी कॉइल. मग वॉल्व्हच्या टोकाला बोट लावून ओलं बोट दाखवलं. "टाकी पण झिरपतीय. आतून कोटिंग केलं नाही तर महिन्याभरात फुटेल. नवीन घ्यायला सात-आठ हजार जातील, मी तुमचं पाचाच्या आत बसवतो."

पाचाच्या आत म्हणजे ४,८५०. व्हिजिट ३५०, एलिमेंट १,८५०, टाकी वॉश आणि कोटिंग १,९००, वॉल्व्ह ७५०. कोटिंग म्हणजे काय केलं, तर बिननावाच्या पुडीतली पांढरी पावडर टाकीत सोडली, अर्धा तास थांबला, पाणी काढून टाकलं. त्या अर्ध्या तासात चहा घेतला, वर सासूबाईंच्या गुडघ्याला कुठलं तेल चांगलं तेही सांगितलं. गिझरचा दिवा लागला, पाणी तापलं, मी खूश. पैसे मोबाईलवरून दिले तेव्हा समोर कंपनीचं नाव नव्हतं, कुणा माणसाचं होतं. दिसलं होतं मला. "ते आमच्या साहेबांचं खातं," म्हणाला आणि मी बटण दाबलं. बिलावर ना पत्ता, ना जीएसटी नंबर.

जाताना जुनं एलिमेंट तो बॅगेत घालत होता. "कंपनीत जमा करावं लागतं." पलंगावरून सासूबाई कडाडल्या, "पैसं आम्ही दिलं आणि तांबं तू नेणार व्हय रं? ठेव तिथं." बिचाऱ्यांच्या डोक्यात मोडीचा भाव होता. पण पुढचं सगळं त्यामुळंच उघडकीला आलं.

पाचव्या दिवशी गिझर परत बंद. तेच लक्षण. फोन केला तर "माणूस पाठवतो". दुसऱ्या दिवशी "निघालाय". मग माझा नंबर उचलणंच बंद झालं.

खालच्या मजल्यावर एक मामा राहतात. उभं आयुष्य उद्यमनगरात मोटारींचं वायंडिंग करण्यात गेलं. त्यांनी आधी गिझरचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला मेन स्विच, पाडला, मग टेस्टर लावून खात्री केली, मग झाकण काढलं आणि तसेच थांबले. "वहिनी, ह्यानं अर्थिंगच लावलं नाही की!" हिरवी वायर बोल्टला न लावता तशीच वाकवून आत कोंबली होती. नवीन एलिमेंटवर कंपनीचं नाव नाही, आयएसआयचा शिक्काही नाही. असलं एलिमेंट कधी फुटून पाण्यात करंट उतरला असता तर त्याला जमिनीत जायला वाटच नव्हती, आणि आमच्या जुन्या बोर्डात गळका करंट ओळखणारा आरसीसीबीही नाही. पाच दिवस सासूबाई त्याच पाण्याखाली बसत होत्या. पैशांपेक्षा ही वायर आठवली की अजून पोटात गोळा येतो.

मग मामांनी जुनं एलिमेंट मागवलं. त्यावर क्षाराचा पांढरा थर होता, आमच्या अपार्टमेंटला बोअरचं जड पाणी आहे. दोन टोकांना सुया लावल्या, मीटरवर २६.८ आला. "२३० व्होल्टला २००० वॅटचं एलिमेंट म्हंजे साडेसव्वीस ओहमच्या आसपास यायलाच पाहिजे. हे ठणठणीत आहे." मग त्यांनी सुया नुसत्या हवेत धरल्या. मीटरवर डावीकडं तोच १. त्या माणसानं मला हवेतला आकडा दाखवला होता.

खरा बिघाड थर्मोस्टॅटचा. ठरलेल्या तापमानाला तो करंट तोडत नव्हता, पाणी जास्त तापलं की सुरक्षेचा कटआऊट पडायचा. कटआऊटला छोटं लाल बटण असतं, ते दाबलं की गिझर परत चालू. त्या दिवशी पाणी तापलं ते ह्या बटणामुळं. मामांनी बजावलं, मेन बंद केल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, आणि एकदा दाबून परत पडलं तर पुन्हा पुन्हा दाबत बसायचं नाही, थर्मोस्टॅट बघायचा.

टाकीचं झिरपणंही थापच. पाणी तापलं की फुगतं; १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की साधारण पाव लिटर जास्त होतं, ते वॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. पडायलाच पाहिजे. आतलं काचेचं कोटिंग तर कारखान्यात भट्टीत भाजून बसवतात, ते बाथरूममध्ये पुडीतून होत नसतं. पावडर बहुधा लिंबूफूल असावं. तिनं क्षार थोडा सुटला असेल, तेवढाच काय तो फायदा. आत मॅग्नेशियमचा रॉड असतो, टाकीऐवजी तो स्वतः झिजतो. सर्व्हिसिंगला तो बघायचा असतो. मामांनी काढला तर करंगळीएवढा उरला होता. त्याचं नावसुद्धा त्या माणसानं काढलं नव्हतं.

शाहूपुरीतून थर्मोस्टॅट ३८० ला आणला, रॉड ४५० ला. जुनंच एलिमेंट घासून परत बसवलं, हिरवी वायर बोल्टला आवळली. मामांनी मजुरी घेतली नाही, सासूबाईंनी तांबड्या रश्श्याचा डबा पाठवला. कार्डावरच्या नंबरवर फोन केला तेव्हा कळलं की टाकीची वॉरंटी पाच वर्षांची होती, अजून दीड वर्ष शिल्लक होतं, पण बाहेरच्या माणसानं गिझर खोलल्यामुळं आता ती धरणार नाहीत. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली. तिथल्या बाईंनी दुकानाचा पत्ता विचारला. बिल उलटं करून बघितलं, मागंही कोरं.

परवा ह्यांच्या मोबाईलवरून तोच नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला. "नमस्कार, सर्व्हिस सेंटर. कुठल्या कंपनीचा गिझर आहे आपला?"