कोहिमाच्या रणभूमीची सहल: ओझे वाहणाऱ्यांच्या वाटेने

कोहिमाला जाणारे बहुतेक पर्यटक गॅरिसन हिलवरील युद्धस्मशान पाहतात, किसामा येथील दुसऱ्या महायुद्धाचे संग्रहालय पाहतात आणि परततात. तिथल्या एका स्थानिक संस्थेची मार्गदर्शकासह होणारी सहल मात्र या दोन्हींच्या मध्ये जोत्सोमा गावाकडून पुलीबाद्झे डोंगराची चढण ठेवते. या एका चढणीसाठी मी ही सहल मनापासून सुचवेन.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून आलेल्या जपानी फौजेने एप्रिल १९४४ मध्ये कोहिमाला वेढा घातला. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याच्या दुसऱ्या डिव्हिजनची चौथी ब्रिगेड खोनोमा गावाच्या बाजूने, या सात हजार फुटांहून उंच डोंगराच्या कुशीतून, जपानी फळीच्या बगलेवर उतरली. खेचरांनाही पाय टेकवणे कठीण असलेल्या त्या उतारांवर दारूगोळा आणि शिधा नागा स्त्री-पुरुषांच्या पाठीवरून पुढे गेला आणि जखमी सैनिक त्यांच्याच खांद्यांवरून मागे आले. मार्गदर्शक निसरड्या वळणावर थांबतो आणि भरल्या स्ट्रेचरचा तोल राखत चार माणसे इथून पावसात कशी उतरत असतील, हे जागेवरच समजावून सांगतो. जळवा, हिवताप, आमांश आणि दिवसेंदिवस न वाळणारे कपडे यांनी गोळीइतकीच माणसे निकामी केली, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि धाप लागलेली असताना ऐकणे वेगळे.

जपानी सैनिकांचे हालही तो आकस न ठेवता सांगतो. जनरल सातो यांच्या ३१ व्या डिव्हिजनने मार्चमध्ये ब्रह्मदेशातील चिंदविन नदी ओलांडली, तेव्हा सैनिकांजवळ साधारण तीन आठवड्यांचेच अन्न होते. रसद पोहोचलीच नाही. नागा गावांची धान्याची कोठारे रिकामी झाली, आणि उपासमार सैन्याबरोबर गावकऱ्यांच्याही वाट्याला आली. अखेर वरिष्ठांचा हुकूम मोडून सातो यांनी माघार घेतली. परतीच्या वाटेवर, पावसाळ्यात, भुकेने आणि रोगाने फार माणसे गेली.

युद्धस्मशानात मात्र सहलीची घडी विस्कटते. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातील टेनिस कोर्टाभोवती झालेल्या हातघाईच्या लढाईला मार्गदर्शक बराच वेळ देतो, आणि तो योग्यही आहे. जपानी वेढ्यात अडकलेल्या ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांना मोजून मिळणाऱ्या पाण्याचा आणि रात्री चोरून भरून आणलेल्या झऱ्याच्या पाण्याचा प्रसंग तो उत्तम उभा करतो. पण ज्या हिंदू आणि शीख सैनिकांवर दाहसंस्कार झाले, अशा ९१७ जणांच्या स्मारकापाशी आम्हाला जेमतेम छायाचित्र काढण्याइतकाच वेळ मिळाला. भारतीय प्रवाशांसाठी आखलेल्या सहलीत हे खटकते. भारवाहकांविषयी इतके भरभरून सांगणाऱ्या संस्थेने इथे घाई करावी, याचे मला खरोखर वाईट वाटले.

मराठी वाचकासाठी दुसरी उणीव सांगशाकची आहे. मणिपुरातील उख्रुलकडच्या त्या गावी मार्च १९४४ मध्ये ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन लढली. खडकाळ जमिनीत खंदक खोल जात नव्हते, आतल्या बाजूस पाण्याची सोय नव्हती, विमानातून टाकलेला बराचसा माल शत्रूच्या हाती पडत होता. तरीही २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम येईपर्यंत ती माणसे टिकून राहिली. कोहिमाकडे निघालेल्या जपानी फौजेचे मोलाचे दिवस तिथे खर्ची पडले. गाव या सहलीच्या टप्प्यात नाही हे समजण्यासारखे आहे, पण निदान नकाशावर बोट ठेवून ही गोष्ट सांगायला हवी. विचारल्यावर मार्गदर्शकाने ती नीट सांगितली, म्हणजे माहितीची वाण नाही.

नागालँडसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात प्रवेशाचा परवाना, आधीच काढून ठेवावे. चढण दमवणारी असल्याने गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी ती टाळून केवळ स्मशान आणि संग्रहालय पाहावे. पावसाळ्यात वाट धोक्याची होते, तेव्हा ऑक्टोबरनंतरचे कोरडे महिने निवडावेत आणि स्मारकापाशी जास्त वेळ हवा असल्याचे सकाळीच मार्गदर्शकाला सांगून ठेवावे.